नागपूरचं अधिवेशन बंद करा, असं मी म्हणत होते

नागपूरचं हिवाळी अधिवेशन बंद करावं आणि त्यावरचा खर्च वाचवावा, असं मी वर्षानुवर्षं उघडपणे म्हणत आले. वर्गात म्हटलं, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत लिहिलं, घरातल्या वादांत तर दर डिसेंबरला म्हटलं. आज माझं मत नेमकं उलट झालं आहे. अधिवेशन बंद तर होऊ नयेच. ते वाढवावं, आणि राज्याचा पैसा कुठल्या भागात किती गेला याचा हिशेब तिथे, नागपुरात, सभागृहाच्या पटलावर मागितला जावा असं मला वाटतं. हे मत कसं बदललं ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण माझं जुनं मत आजही माझ्या ओळखीच्या बहुतेकांचं आहे. ती माणसं अप्पलपोटी नाहीत. सरकारी उधळपट्टीची त्यांना मनापासून चीड आहे, तशीच ती मलाही होती आणि आहे.

मी मूळची माण तालुक्यातली. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना कृष्णा-कोयना, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. माण त्याच जिल्ह्यात आहे, पण पर्जन्यछायेत. आमच्याकडे बाजरी, मेंढरं, दुष्काळात चारा छावण्या आणि टँकर. घराघरातून कुणीतरी पोटासाठी मुंबईला गेलेलं. सरकारी कागदांवर मात्र आम्ही ‘उर्वरित महाराष्ट्र’. अनुशेषाची चर्चा निघाली की विदर्भ आणि मराठवाड्याची नावं यायची, आणि आम्हाला पश्चिम महाराष्ट्रवाले म्हणून सगळं ओरपून बसलेल्यांच्या रांगेत उभं केलं जायचं. साताऱ्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना ही सल माझ्या मनात सतत असायची. आमच्या दहिवडीला हंडाभर पाण्यासाठी बायका उन्हात उभ्या, आणि सरकार नागपूरला अधिवेशन भरवून न्याय केल्याचं समाधान मिळवतंय, असं मला दिसायचं.

माझे मुद्दे तसे पक्के होते. दरवर्षी मंत्रालयातल्या फायली ट्रकांत भरून आठशेहून अधिक किलोमीटर न्यायच्या. अधिकारी, कर्मचारी, सुरक्षा, पत्रकार सगळा लवाजमा हलवायचा. रामगिरी, देवगिरी, रविभवन, नागभवन, आमदार निवास, १६० खोल्यांचे गाळे यांची रंगरंगोटी करायची. आणि एवढं करून सभागृह बसायचं जेमतेम दोन आठवडे, कधी त्याहून कमी. त्यातला निम्मा वेळ गोंधळात. हुरडा पार्ट्यांच्या बातम्या कामकाजाच्या बातम्यांपेक्षा मोठ्या. २०१८ साली पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतलं, तेव्हा ६ जुलैच्या पावसात विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज थांबवावं लागलं. त्या दिवशी माझ्या बाजूने आता कुणाला काही बोलायची गरजच उरली नाही असं मला वाटलं होतं. २०२१ मध्ये जम्मू-काश्मीरने श्रीनगर आणि जम्मूमध्ये राजधानी आलटून-पालटून नेण्याची दरबार-बदलाची प्रथा थांबवली, तेही उदाहरण मी उत्साहाने द्यायचे. कोविडच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ ला, अधिवेशन मुंबईतच झालं. कुणाचं काही अडलं का, असं मी विचारायचे.

मनात पहिली शंका आली ती एका जुन्या दस्तऐवजामुळे. निवृत्तीनंतर प्रादेशिक असमतोलावर एक व्याख्यान द्यायचं होतं, म्हणून नागपूर करार मुळातून वाचला. २८ सप्टेंबर १९५३ चा. विदर्भ, मराठवाडा आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातला मराठी मुलूख एकत्र यावा यासाठी तिन्ही भागांतल्या नेत्यांनी केलेला हा करार. मी तो इतकी वर्षं शिकवला होता, पण अधिवेशनाच्या अटीपुरताच. त्यात आणखी एक अट आहे. राज्याचा पैसा तिन्ही विभागांत लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावं, आणि याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा.

वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, आणि दरवर्षी खर्चाचा अहवाल विधानसभेपुढे. हे दोन्ही एकाच करारात आहे हे कळल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत बसले. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एका राज्याची राजधानी होती. ते पद सोडायला तिथल्या लोकांना तयार करायचं म्हणून अधिवेशन देऊन त्यांची समजूत घातली गेली, असं मी धरून चालले होते. पण करार करणाऱ्यांच्या मनात त्याहून जास्त काही असावं. ज्या भागाला पैसा कमी मिळण्याची भीती आहे, त्या भागात जाऊन सरकारने उत्तर द्यावं, आणि उत्तर देताना हातात आकडे असावेत, अशी ती योजना दिसते. आपण त्यातलं अधिवेशन ठेवलं आणि आकडे सोडून दिले. मग अधिवेशन सहल वाटू लागलं यात नवल काय? १९६० पासून काही मोजके अपवाद सोडले तर सरकार दर हिवाळ्यात नागपूरला जातं. अहवालाबद्दल कुणी आग्रह धरलेला मी तरी माझ्या पिढीत ऐकला नाही.

त्यानंतर वि. म. दांडेकरांचा अहवाल पुन्हा काढला. दांडेकर पुण्याच्या गोखले संस्थेतले. भारतातल्या दारिद्र्यावर नीलकंठ रथांबरोबर त्यांनी केलेला अभ्यास आमच्या पिढीने पाठ केला होता. १९८३ साली सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलावर सत्यशोधन समिती नेमली, आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. पद्धत साधी होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, कुठला जिल्हा सरासरीपेक्षा किती खाली आहे ते मोजायचं, आणि त्याला सरासरीपर्यंत आणायला किती रुपये लागतील ते मांडायचं. ती रक्कम म्हणजे त्याचा अनुशेष. एकूण ३,१८६ कोटी रुपये निघाले. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे साडेतेवीस टक्के, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के.

सदतीस टक्के! म्हणजे विदर्भापेक्षा जेमतेम दोन टक्के कमी. ज्या दांडेकर अहवालाकडे आमच्या भागातले लोक विदर्भाचं वकीलपत्र म्हणून बघायचे, त्याच अहवालात कोकण आहे, खानदेश आहे, पश्चिमेकडचे कोरडे जिल्हे आहेत. मी हा आकडा पूर्वी वाचला नव्हता असं नाही. पण तो विदर्भाच्या मागणीला उत्तर म्हणून वापरायचे, बघा, आम्हीही मागासच आहोत, असं. आमचा आणि त्यांचा प्रश्न एकच आहे, आणि तो पैशाचा हिशेब न लागण्याचा आहे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

यात माणच्या पाण्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बच्छावत लवादाच्या कृष्णा पाणीवाटपाचा फेरविचार मे २००० नंतर व्हायचा होता. त्याआधी महाराष्ट्राने आपल्या वाट्याचं पाणी अडवलं पाहिजे म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. रोखे काढून कर्ज उभारलं गेलं. विदर्भात ओरड झाली की सगळा पैसा कृष्णेत ओतला जातोय, आणि पुढच्याच वर्षी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आलं. कागदावर बघितलं तर आमच्यावर पैशाचा पाऊस पडला होता. माणला पाणी देणाऱ्या उपसा योजना मात्र वर्षानुवर्षं रेंगाळत राहिल्या. निवडणुका आल्या की नारळ फुटायचे, आणि कालव्यांच्या खोदलेल्या चरांत बाभळी उगवायच्या. पलीकडे भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि तरी अडीच लाख हेक्टरांचं स्वप्न पुरं व्हायला पिढ्या गेल्या. गोसीखुर्दच्या शेतकऱ्याला वाटतं पैसा कृष्णेला गेला. माणच्या शेतकऱ्याला वाटतं पैसा विदर्भाच्या अनुशेषाला गेला. दोघंही कोरडवाहूच राहिले.

तो पैसा खरोखर कुठे गेला, हा प्रश्न २०१२ मध्ये पेटला. दहा वर्षांत सिंचनावर सत्तर हजार कोटी खर्च झाले आणि सिंचन क्षेत्र केवळ ०.१ टक्क्याने वाढलं, असं राज्याच्याच आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून बोललं जाऊ लागलं. नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारने श्वेतपत्रिका काढली, तिच्यात वाढ ५.१७ टक्के सांगितली होती. दोन्ही आकडे सरकारचेच. त्या डिसेंबरमध्ये नागपूरला दोन्ही सभागृहांत यावरून जे घमासान झालं ते मी तेव्हा वर्तमानपत्रातून वाचत होते, आणि पुन्हा गोंधळ, पुन्हा वेळ वाया, असं म्हणत होते. वर्ष संपताना माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास समिती नेमली गेली. त्या समितीने सगळं उघड केलं किंवा सगळ्यांना शिक्षा झाली, असा माझा दावा नाही. पण सिंचनाच्या हिशेबावर सरकारला इतकं अडवणारी जागा दुसरी कुठली होती, असं आज मी स्वतःला विचारते तेव्हा सभागृहाखेरीज नाव सुचत नाही. ज्या गोंधळाला मी वाया गेलेला वेळ म्हणत होते, त्यात माझ्याच तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न विचारला जात होता.

मग एका डिसेंबरमध्ये एका चर्चासत्रासाठी नागपूरला जाणं झालं. अधिवेशन चालू होतं. सकाळी सीताबर्डीवर रिक्षावाल्याने सांगितलं की पुढे रस्ते बंद आहेत, मोर्चे आहेत. मी पायी निघाले आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी येऊन थांबले. पोलिसांचे कठडे होते, आणि कठड्यांच्या अलीकडे माणसं बसलेली. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, कोतवाल, कुठल्याशा जमातीचे दाखले मिळत नाहीत म्हणून आलेली कुटुंबं. पोरं डांबरी रस्त्यावर निजलेली. मी दुपारपर्यंत तिथेच होते. चर्चासत्राचं पहिलं सत्र चुकलं.

एक मदतनीस बाई सिरोंच्याहून आली होती. सिरोंचा म्हणजे गडचिरोलीचं दक्षिण टोक, पलीकडे तेलंगणा. रात्रभर प्रवास करून ती पोचली होती. मी तिला माझा नेहमीचा प्रश्न विचारला, की मुंबईला अधिवेशन असतं तेव्हा का नाही जात, तिथे सरकार वर्षभर असतं. ती म्हणाली, “मॅडम, मुंबई आमाले कुठं पुरते? इथं तरी दोन शब्द सांगता येते.” नंतर त्यांच्यातल्या पाच जणींना पोलिसांनी आत नेलं, त्या निवेदन देऊन आल्या, मंत्र्यांनी बघतो म्हणून सांगितलं. एवढंच. मानधन त्या दिवशी वाढलं नाही. पण बाकीच्या बायकांनी त्या पाच जणींना घेरून, काय म्हणाले, कुणी ऐकलं, कागद कुणाच्या हातात दिला, असं जे बारकाईने विचारलं, ते बघून माझा युक्तिवाद माझ्याच तोंडून मला ऐकवेना. अंतर कमी झालं आहे, फोन आहेत, रेल्वे आहे, हे मी साताऱ्यात बसून म्हणत होते. साताऱ्याहून मुंबईला सकाळी निघून रात्री परत येता येतं.

इथे मला १९९४ बद्दल लिहायलाच हवं, नाहीतर मी नागपूरच्या मोर्च्यांचे नुसते गोडवे गायल्यासारखं होईल. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीत समावेश करा ही त्यांची मागणी. सरकारकडून कुणी भेटायला आलं नाही, लोक ताटकळले, पुढे लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली, आणि ११४ जण मेले. बायका आणि मुलं त्यांत जास्त. झिरो माईलजवळ त्यांचं स्मारक आहे. त्या दिवशी मी तिथेही गेले. सरकार शहरात असणं आणि सरकारने ऐकणं यांत किती अंतर असू शकतं ते त्या आकड्यावरून समजतं. या घटनेचा दाखला देऊन मी पूर्वी म्हणत असे की अधिवेशनच नसतं तर ती माणसं तिथे आली नसती. आज हे वाक्य आठवलं की मला स्वतःचा संताप येतो. ती आली कारण सांगण्यासारखं काही होतं. त्यांना रोखून धरलं आणि भेटायला कुणी गेलं नाही, दोष तिथे होता.

आता खर्चाकडे येते, कारण माझा मूळ आक्षेप खर्चाचाच होता. हिवाळी अधिवेशनातलं सर्वांत मोठं काम कोणतं? पुरवणी मागण्या. मार्चमध्ये मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात जे बसलं नाही त्यासाठी सरकार सभागृहाकडे जादा पैसे मागतं. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात मागण्या आल्या ५५ हजार ५२० कोटींच्या. २०२४ चं अधिवेशन निवडणुकीनंतर १६ ते २१ डिसेंबर, अवघे सहा दिवस, आणि मागण्या ३३ हजार ७८८ कोटींच्या. २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर हे सात दिवस, आणि मागण्या ७५ हजार २८६ कोटींच्या. त्याच वर्षी जुलैत ५७ हजार ५०९ कोटींच्या मागण्या येऊन गेल्या होत्या. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींच्या वर, आणि मूळ अर्थसंकल्प होता सुमारे सात लाख कोटींचा. यातली काही रक्कम निव्वळ जमाखर्चाच्या नोंदींची असते, तिजोरीवरचा प्रत्यक्ष बोजा त्याहून कमी असतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे आणि इथेही सांगते. तरीही मार्चमध्ये ठरलेल्या खर्चात वर्ष संपायच्या आत एवढी भर पडत असेल, तर मार्चमधल्या चर्चेला अर्थ काय उरतो?

आणि ही भर तपासायला सभागृहाला आठवडाभर मिळतो. त्यातच प्रश्नोत्तरं, लक्षवेधी सूचना, विधेयकं, अंतिम आठवडा प्रस्ताव. मागण्यांचं पुस्तक पटलावर येतं, एकदोन दिवसांनी चर्चा होते, सदस्य आपापल्या मतदारसंघातल्या रस्त्यांबद्दल बोलतात, मंत्री उत्तर देतात, विनियोजन विधेयक मंजूर होतं. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत कुणालाच विरोधी पक्षनेतेपद मिळालं नव्हतं, म्हणजे हिशेब विचारणारा हक्काचा आवाजही नव्हता. मी इतकी वर्षं ट्रकांचं भाडं आणि बंगल्यांचा रंग मोजत होते. त्याच बंगल्यांपासून थोड्या अंतरावर पंच्याहत्तर हजार कोटी आठवड्यात मंजूर होतात, याकडे माझ्यासारख्या अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईने पाठ फिरवली होती. अधिवेशन बंद केल्याने वाचणारी रक्कम या रकमेपुढे मोजण्याइतकीही नाही.

दिल्लीतही चित्र फारसं वेगळं नाही, आणि ते सांगायला हवं, म्हणजे हा केवळ महाराष्ट्राचा दोष आहे असं वाटणार नाही. २०२३ च्या मार्चमध्ये लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना काही मिनिटांत मंजूर केल्या. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसायची, सतरावी ५५ दिवस. पण संसदेत निदान विभागवार स्थायी समित्या आहेत. १९९३ साली, लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, त्या सुरू झाल्या. सभागृहात चर्चा झाली नाही तरी समितीत अधिकाऱ्यांना बोलावून मागण्यांची छाननी होते. केरळच्या विधानसभेत तर १९८० पासून विषय समित्या हे काम करतात. पुरवणी मागण्या आधी समितीकडे जाव्यात, तिथे त्यांची विभागवार फोड व्हावी, आणि मग सभागृहात याव्यात, अशी माझी मागणी आहे. मागण्यांच्या पुस्तकात खात्यांचे आकडे असतात. त्यातले किती रुपये विदर्भात, किती मराठवाड्यात, किती कोकणात आणि किती माझ्या माणसारख्या दुष्काळी तालुक्यांत खर्च होणार, हे सामान्य माणसाला कळेल असं कुठेही मांडलेलं नसतं.

हा हिशेब मांडण्याची एक घटनात्मक सोय होती. घटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये अस्तित्वात आली. पैशाचं समन्यायी वाटप बघण्याची जबाबदारी राज्यपालांवर, आणि मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. नागपूर कराराची ती विसरलेली अट अशी मागच्या दाराने का होईना, परत आली होती. मंडळांचं काम फार प्रभावी होतं असं नाही. अनुशेष पुन्हा मोजला तेव्हा तो आटण्याऐवजी फुगलेला निघाला, २००० च्या सुमारास चौदा हजार कोटी. पण निदान मोजत होते. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. मंडळं गेली तसा अहवालही गेला. ज्या वर्षी मी कोविडमुळे नागपूरचं अधिवेशन रद्द झाल्याबद्दल समाधान व्यक्त करत होते, त्याच वर्षी हे घडलं, आणि मी त्यावर एक ओळही लिहिली नाही.

मराठवाड्यासाठी सरकारने वेगळा मार्ग काढला: मंत्रिमंडळाची बैठक तिथे घ्यायची. २०१६ मध्ये झाली, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये झाली. दोन्ही वेळा चाळीस हजार कोटींच्या पुढचे आकडे जाहीर झाले. मराठवाड्यातले माझे काही सहकारी अशा बैठकांनी सुखावतात, मला त्यांचं दुःख कळतं म्हणून मी वाद घालत नाही. पण मंत्रिमंडळ येतं तेव्हा घोषणा होते, आणि घोषणेला तिथल्या तिथे प्रश्न विचारायला कुणी समोर नसतं. सभागृहात निदान एक सदस्य उठून विचारू शकतो की मागच्या बैठकीतल्या पैशाचं काय झालं.

कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधलं आणि तिथे अधिवेशन भरवायला लागलं, तेव्हा मराठी माणूस म्हणून मला राग आला होता. सीमाभागावरचा हक्क ठसवण्यासाठी ते केलं जातं हे उघड होतं आणि आजही आहे. पण सभागृह जिथे बसतं ती जमीन आपली मानतो असं सरकार जगाला सांगत असतं, हे बेळगावबाबत मला लगेच कळलं. नागपूरबाबत कळायला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर बहुधा माझ्या जन्मगावात आहे. नागपूर कधी जाईल अशी भीती आमच्या बाजूला कुणाला वाटलीच नाही. आणि जम्मूच्या ज्या उदाहरणाचा मला अभिमान होता, तिथेही दरबार-बदल २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. राजधानी यायची थांबल्यावर आपलं काय जातं हे जम्मूच्या लोकांनी चार वर्षं बोलून दाखवलं होतं.

माझ्या गावात हे मत कुणाला रुचलेलं नाही. पुतण्या म्हणतो, “आत्या, तू विदर्भवाल्यांची झालीस.” मी त्याला दांडेकरांचे सदतीस टक्के दाखवते, केळकर समितीचा अहवाल दाखवते. विजय केळकरांच्या समितीने जिल्ह्याऐवजी तालुका धरून असमतोल मांडला, त्यामुळे माण, खटाव, जतसारख्या तालुक्यांना पहिल्यांदा श्रीमंत जिल्ह्यांच्या सावलीतून बाहेर काढून बघता आलं. तो अहवाल २०१३ मध्ये तयार झाला आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये, नागपूरच्याच अधिवेशनात, सभागृहापुढे आला. आमच्या तालुक्याची खरी बाजू मांडणारा कागद तिथे मांडला गेला होता, आणि त्यावर किती बोललं गेलं याची आमच्यापैकी कुणी चौकशी केली नाही. पुतण्या यावर गप्प होत नाही. तो म्हणतो, सहा दिवसांच्या अधिवेशनात तालुक्याचा अहवाल कोण वाचणार? हा त्याचा प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी किमान सहा आठवडे म्हणते, आणि ते कायद्यात लिहिलेलं असावं असं म्हणते, म्हणजे कामकाज सल्लागार समितीच्या मर्जीवर ते राहणार नाही. त्यातला एक आठवडा फक्त पुरवणी मागण्या आणि विभागवार खर्चासाठी. विकास मंडळं पुन्हा यावीत, किंवा ती येत नसतील तर त्यांचा अहवाल देण्याची जबाबदारी वित्त विभागावर टाकावी.

एका गोष्टीवर माझं मत अजून ठरलेलं नाही. नागपूरला जो न्याय, तो छत्रपती संभाजीनगरला का नको? १९५३ च्या करारात मराठवाड्याला अधिवेशन मिळालं नाही, तेव्हाच्या औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८० च्या दशकात मिळालं. मग तिथे एक अधिवेशन भरवावं का? आणि पुढे कोकणाने मागितलं तर? खर्चाचा माझा जुना आक्षेप इथे पुन्हा डोकं वर काढतो, आणि तो सगळा खोटा आहे असं मी म्हणू शकत नाही. सध्या मी मराठवाड्यातल्या सहकाऱ्यांशी यावर बोलते आहे. त्यांच्यातही एकमत नाही. एक गट अधिवेशन मागतो, दुसरा म्हणतो आम्हाला इमारत नको, आकडे द्या. दुसऱ्या गटाकडे माझा कल जास्त आहे, पण हे मी साताऱ्यात बसून म्हणते आहे, आणि एकदा असंच बसून मी नागपूरबद्दल बोलले होते. म्हणून या हिवाळ्यात आधी परभणी-हिंगोलीकडे जाऊन यायचं ठरवलं आहे.